पायांपाशी दहा वर्षे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काकांकडे ओसाकाला जाण्याचा योग आला. एका दुपारी ते मला बाहुल्यांच्या खेळाला घेऊन निघाले. खरे सांगायचे तर मी नाखुशीनेच गेले. विसाव्या वर्षी बाहुल्या काय पाहायच्या!

१९८४ साली उभारलेल्या राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृहात 'सोनेझाकी शिंजू' हे नाटक होते. चिकामात्सू मोनझाएमोन यांनी ते १७०३ साली ओसाकातच घडलेल्या घटनेवरून लिहिले. नायक तोकुबेई हा सोयासॉसच्या पेढीवरचा कारकून. तो मित्राला उसने पैसे देतो आणि मित्र कर्जरोखाच खोटा ठरवतो. काका हळूच अर्थ सांगत होते. पण बुडालेल्या पैशाचे आणि गेलेल्या पतीचे दुःख कळायला वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला दुभाषा कशाला हवा?

एक बाहुली तिघे मिळून चालवतात. मुख्य कलावंताकडे डोके व उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. नवशिक्याने पायांपासून सुरुवात करायची. त्यातच दहा-दहा वर्षे जातात म्हणे, तीही काळ्या बुरख्याआड! स्त्री-बाहुलीला तर सहसा पाय नसतातच. पण या नाटकात ओसरीखाली लपलेला तोकुबेई नायिका ओहात्सूचे पाऊल आपल्या गळ्याशी नेतो आणि तिच्यासह मरायची तयारी न बोलता कळवतो. सारे सभागृह त्या इवल्या पावलाकडे पाहत होते.

त्या दहा वर्षांचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? २०१२ साली ओसाकाच्या महापौरांनी बुनराकूचे अनुदान कमी करायचे म्हटले, तेव्हा मोठा वाद झाला. जनतेच्या पैशाचा हिशेब मागणे गैर नाही. मात्र केवळ त्या वर्षीची तिकीटविक्री मोजली, तर पायांपाशी बसलेला शिकाऊ कलावंत सदैव तोट्यातच दिसणार. माझ्या मते तो खर्च नव्हे, भांडवल आहे.

आणि आपण? आंबोली घाट उतरले की कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथे ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा तोगलु गोंबेयाट आहे. "कला मरत चालली" असे आपण दोन्ही भाषांत हळहळतो आणि खेळ मात्र फुकट मागतो. मी ओसाका पाहिले, पिंगुळी अजून पाहिलेली नाही, हे लिहिताना लाज वाटते. येत्या मे महिन्यात जाणार आहे, खेळाचे पैसे मोजून. कोण येते बरोबर?