देवळ्याच्या विहिरीवर विजेची परीक्षा

खेडोपाडी वीज पोहोचली, एवढ्यावर समाधान मानण्याचा काळ केव्हाच सरला. देवळ्याच्या कांदा उत्पादकापुढे आज प्रश्न आहे तो विजेच्या दाबाचा. गेलेली वीज परत आली की ऑटो स्विच लावलेल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होऊ पाहतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि लांबलचक वाहिनीच्या टोकाशी दाब कोसळतो. दाब 70 टक्क्यांवर आला की मोटारीचे बळ निम्मे होते, कारण ते दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मग मोटार अडते, तापते, जळते. रिवाइंडिंगचा खर्च मात्र शेतकऱ्याच्याच माथी! 1956 च्या विद्युत नियमांनी घातलेली 6 टक्क्यांची मर्यादा बव्हंशी कागदावरच राहिली.

यावर फझी लॉजिकचे नियंत्रण सुचविले जाते. लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये मांडलेली ही कल्पना इब्राहिम ममदानी यांनी पुढील दशकात वाफेच्या इंजिनावर चालवून दाखविली. ‘दाब थोडाच कमी आहे, पण झपाट्याने घसरतो आहे’ असा जाणत्या वायरमनसारखा अंदाज बांधून ते किती दाब भरावयाचा हे ठरविते. वाहिनीच्या टोकाशी त्याचा प्रयोग अवश्य व्हावा. परंतु क्षणिक घसरणीचे हे औषध अतिभारित रोहित्रामुळे तासन्‌तास टिकणाऱ्या कमी दाबास पुरणार नाही. तेथे जादा रोहित्रे, आखूड वाहिन्या आणि पंपागणिक कपॅसिटर हवेत. कपॅसिटर बसविण्यात शेतकरीही चालढकल करतो, हे सांगितलेच पाहिजे. पहिली दोन कामे मात्र महावितरणची आहेत, आणि ती आधी व्हावीत.