पन्नासच का?

२३ फेब्रुवारी २०२५, भारत-पाकिस्तान मॅच. रविवार, त्यामुळे मी जेऊरलाच होतो. हार्दिक पंड्याने बाबर आझमला आउट केलं आणि घरात चर्चा विकेटपेक्षा त्याच्या मनगटाची! रिचर्ड मिल आरएम २७-०२. राफाएल नदालसाठी बनवलेलं, जगात फक्त ५० नग.

पन्नासच का? कंपनीने ठरवलं म्हणून. बास. कोडमधला एक आकडा बदला, दुर्मीळपणा कमी-जास्त :)

रोलेक्स डेटोनाचं तसं नाही. १९६०च्या दशकात त्याची एक वेगळी तबकडी फारशी कुणी घेईना, म्हणून ती आज मिळत नाही. नट आणि कार-रेसर पॉल न्यूमनने तसलं घड्याळ वर्षानुवर्षं वापरलं आणि पुढे मुलीच्या मित्राला सहज देऊन टाकलं. त्यानेही ते वापरलंच. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ७७ लाख डॉलर आले!

आणि आपली हौशी मंडळी? नंबर कोरलेलं घड्याळ, वरचं प्लास्टिकही न काढता थेट लॉकरमध्ये. ऑफिसातला एक जण तर ईएमआयवर घेतलेलं घालतच नाही. ओरखडा पडला तर रीसेल व्हॅल्यू जाईल म्हणे. वेळ मोबाईलवर बघतो. हार्दिक निदान ते घालून मैदानात तरी उतरला!

जमवायचंच असेल तर गावाकडे लग्नात मिळालेली एचएमटी जनता शोधा. काच पिवळी, पट्टा तीनदा बदललेला. २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं आणि आता लोक हीच शोधत फिरतात. फक्त जुन्या बाजारात जपून हां, तबकडी नव्याने रंगवून 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारतात.