खोल्या मोजल्या, बोळ कुणी मोजला?

पुनर्विकासात बीडीडी चाळींतल्या माणसांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, ते त्यांच्या हक्काचंच आहे. घरात स्वतःचा संडास असण्याची किंमत पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईलाच विचारावी.

पण या चाळी कशा उभ्या राहिल्या, तेही पाहायला हवं. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गासडीमागे एक रुपया कर बसला. पन्नास हजार खोल्यांचा बेत होता, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. साचा एकच: तळमजल्यावर तीन मजले, मधोमध अंधारा बोळ, दोन्ही हातांना दहा-दहा खोल्या. लालबाग-परळच्या कित्येक खाजगी चाळींना निदान उघडी गॅलरी होती. इथे बोळ मध्ये घेतला, कारण एकाच जिन्यावर दुप्पट खोल्या बसतात. उजेड-वारा मात्र खोलीला एकाच अंगानं.

गिरणी कामगार सुरुवातीला तिथे जाईनात. भाडं परवडत नव्हतं, वरळी तेव्हा आडबाजूला. १९३०च्या कायदेभंगात सरकारनं वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडले. घर म्हणून बांधलेली इमारत फारशी न बदलता तुरुंग म्हणून चालली, ही त्या नकाशाची लायकी.

तिथे घरपण आणलं ते कामगारांनी. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावानं वर्गणी काढून खोली धरली. भिंतीला ओळीनं ट्रंका, खुंट्यांवर सदरे. पहिल्या पाळीवाला भोंग्याला बाहेर पडला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा होई. जागा पुरेना तेव्हा पथारी बोळात. तिथेच भजन, तिथेच गावमंडळाची बैठक, तिथेच पोरांचा अभ्यास. खोली सरकारनं दिली, पण बोळ रहिवाशांनी कमावला, असं मी मानतो.

नव्या मनोऱ्यांच्या चर्चेत पुन्हा फक्त चौरस फूट ऐकू येतात. लिफ्टसमोरच्या पट्टीत चार म्हाताऱ्या बसू शकत नाहीत. उरलेल्या इमारतींच्या आराखड्यांत, पुनर्विकास करणाऱ्या म्हाडानं प्रत्येक मजल्यावर उघडी, उजेडाची, सगळ्यांच्या वापराची जागा ठेवावी. रहिवाशांनीही करारावर सही करण्याआधी मजल्याचा पूर्ण नकाशा मागून घ्यावा.