रम्ल स्थानकावर एक सकाळ

मार्च म्हणजे परीक्षांचा महिना. शाळेत नोकरी होती तोवर या दिवसांत मी कधी गावाबाहेर पाऊल टाकले नाही. निवृत्तीनंतर मात्र २०२३ च्या मार्चमध्ये गेले ती इजिप्तलाच. लेक आणि जावई कामानिमित्त वर्षभर कैरोत होते. "आई, उन्हाळा चढायच्या आत ये," असा लेकीचा फोनवर धोशा होता. कैरोत चार दिवस काढले आणि मग लेक, दहा वर्षांची नात आणि मी अशा तिघीजणी रेल्वेने अलेक्झांड्रियाला निघालो. अंतर सुमारे २०० किलोमीटर. दोन्ही बाजूंना नाईलच्या कालव्यांवर पोसलेली हिरवी शेते. वाळवंट बघायला मिळेल म्हणून नात खिडकीशी बसली होती, ती बिचारी हिरमुसली.

तिथले लोक आपल्या शहराला इस्कंदरिया म्हणतात. पन्नास लाखांवर वस्तीचे हे बंदर भूमध्य समुद्राला लागून लांबच लांब पसरलेले आहे. मार्चमध्ये इथे वसंत येतो, पण सरळपणे येत नाही. इथल्या कोळ्यांकडे हिवाळी वादळांचे पिढीजात पंचांग आहे आणि प्रत्येक वादळाला नाव आहे. मार्चच्या ९ तारखेच्या सुमारास 'हुसूम' येते. चोवीस तारखेच्या आसपास शेवटचे 'अव्वा'. अव्वानंतर वादळ नाही, असे तिथे म्हणतात. त्यानंतर वाळवंटाकडून धुळीचा खमसीन वारा सुटतो. खमसीन म्हणजे पन्नास, कारण हे वारे पन्नासेक दिवसांच्या मोसमात अधूनमधून वाहतात. आम्ही या दोन वादळांच्या मधल्या फटीत पोचलो होतो. सकाळी स्वेटर, दुपारी घाम आणि संध्याकाळी पुन्हा स्वेटर. किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर लाटा आपटत आणि खारे तुषार पार रस्त्यावर येत. रमझान २३ मार्चला सुरू होणार होता, म्हणून दुकानादुकानांत रंगीत कंदील टांगलेले. नातीने एक घेतलाच.

खाण्याची अडचण येईल म्हणून मी चिवडा नेला होता. तो तसाच परत आला. वालासारखे मोठे दाणे मंद आचेवर रात्रभर शिजवून केलेले 'फूल', त्याच दाण्यांचे तळलेले वडे आणि मिरची-लसूण घालून तव्यावर परतलेली इस्कंदरिया पद्धतीची कलेजी. कलेजीचा पहिला घास घेताच लेक म्हणाली, "आई, ही तर आपल्या घरचीच!" मीठ थोडे कमी होते, एवढेच.

या शहराचे नाव मी लहानपणी भूगोलात वाचले, पण त्याची ओढ लागली ती सम्राट अशोकामुळे. कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप कोरलेला तेरावा शिलालेख आपल्याला ठाऊक असतो. त्याच लेखात पश्चिमेकडच्या पाच ग्रीक राजांची नावे आहेत. त्यांतला 'तुरमाय' म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी, आणि त्याची राजधानी हीच अलेक्झांड्रिया. 'मक' नावाचा राजा शेजारच्या सायरिनीचा, म्हणजे आजच्या लिबियातला. शस्त्राने नव्हे, धम्माने जिंकण्याची गोष्ट या राजांच्या मुलखापर्यंत पोचल्याचे अशोक सांगतो. उलट दिशेनेही माणूस आला होता. याच टॉलेमीने डायोनिसियस नावाचा दूत भारतात पाठवल्याचे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. आपल्या नालासोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले, तेही एक जुने बंदरच. अलेक्झांड्रियात मात्र या नात्याची खूण मला कुठे दिसली नाही. आम्ही परतल्यावर महिनाभराने, एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली. इजिप्तच्याच तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या प्राचीन बंदरात ७१ सेंटीमीटर उंचीची तथागतांची मूर्ती सापडली होती. ती तिथल्या इसिस देवीच्या मंदिरात होती. ती बातमी मी नातीला फोनवर दोनदा वाचून दाखवली.

अलेक्झांड्रियात गंमत अशी की, ज्यासाठी हे शहर जगभर प्रसिद्ध आहे, ते तिथे नाही. जगातल्या आश्चर्यांत गणलेले दीपगृह भूकंपांनी पाडले. १४७७ मध्ये सुलतान कायतबेने त्या जागी किल्ला बांधायला घेतला, तो आज उभा आहे. सेरापिस देवाच्या मंदिरात थोरल्या ग्रंथालयाची शाखा होती. ते मंदिर इ. स. ३९१ च्या सुमारास उद्ध्वस्त केले गेले. तिथे आता तांबड्या ग्रॅनाइटचा सुमारे २७ मीटर उंच एकटा खांब आहे. त्याला पॉम्पीचा खांब म्हणतात. वास्तविक तो पॉम्पीनंतर तीनशे वर्षांहून अधिक काळाने डायोक्लेशियन या सम्राटासाठी उभारला गेला. नाव एकाचे आणि मान दुसऱ्याचा, हे तिकडेही चालतेच म्हणायचे! आणि ते थोरले ग्रंथालय? ते एका रात्रीत जळाले असे आपण ऐकतो. अभ्यासकांचे म्हणणे वेगळे आहे. लढाया, आगी आणि राजांची बेपर्वाई यांत ते काही शतके झिजत गेले.

२००२ साली समुद्रासमोर नवे ग्रंथालय उघडले. बाहेरून ते जमिनीतून वर येणाऱ्या तिरक्या थाळीसारखे दिसते. राखाडी ग्रॅनाइटच्या प्रचंड भिंतीवर जगातल्या सुमारे १२० लिप्यांमधली अक्षरे कोरलेली आहेत. आत एकाच छपराखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे वाचनदालन, दोन हजार माणसांची बैठक. त्या दिवशी अभ्यासाला बसलेल्यांत मुलीच जास्त दिसल्या. कोणी डोक्यावर रुमाल बांधलेली, कोणी मोकळ्या केसांची. २०११ च्या जानेवारीत देशभर उठाव झाला, पोलीस रस्त्यांवरून नाहीसे झाले. तेव्हा या शहरातल्या तरुण मुलामुलींनी हातात हात घालून या इमारतीभोवती साखळी धरली. ग्रंथालयाला धक्का लागला नाही. त्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून राहिले. लेक घाई करत होती, तरी उठवेना.

२१ मार्चला सकाळी आम्ही निळ्या ट्रामने निघालो. इथली ट्राम एकोणिसाव्या शतकापासूनची. त्या गाडीला बायकांसाठी वेगळा डबा होता आणि त्यात शिरताच मला मुंबईची लोकल आठवली. कोणी मुलाला दामटून बसवत होते, कोणी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होते. शेजारच्या बाईंनी नातीच्या हातावर खारवलेल्या बिया ठेवल्या. इजिप्तमध्ये वसंताचा पहिला दिवस हाच मातृदिन मानतात. मुस्तफा अमीन आणि अली अमीन या पत्रकार भावांनी ही प्रथा १९५६ साली सुरू केली. डब्यात निम्म्याजणींच्या हातात फुले होती.

शेवटचे थांबणे 'महत्तेत अर-रम्ल', म्हणजे वाळूचे स्थानक. उतरलो तर समोर फुलवाले, कॉफीची दुकाने, वर्तमानपत्रांचे ढीग, गर्दी. याच परिसरात पूर्वी सीझेरियम नावाचे भव्य देवालय होते. त्याच्यापुढचे दोन दगडी स्तंभ आता एक लंडनला आणि एक न्यूयॉर्कला आहे. पुढे त्या देवालयाचे चर्च झाले. आणि इ. स. ४१५ च्या मार्च महिन्यात याच जागी हायपेशिया नावाच्या शिक्षिकेला जमावाने मारले.

ती गणित, खगोल आणि तत्त्वज्ञान शिकवी. वडील थिऑन हेही गणितीच. तिच्याकडे जुन्या धर्माचे विद्यार्थी येत, तसेच ख्रिस्तीही येत. सायनेसियस नावाचा तिचा विद्यार्थी पुढे बिशप झाला आणि त्याने तिला लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. एका पत्रात तो द्रवाची घनता मोजण्याचे उपकरण बनवून मागतो. आजारी असतानाही तो पत्र लिहितो ते बाईंनाच. शहरात बिशप सिरिल आणि रोमन अधिकारी ओरेस्टिस यांच्यात सत्तेचे भांडण पेटले होते. ओरेस्टिस हायपेशियाचा सल्ला घेई, तेव्हा समेट होऊ देत नाही ती हीच बाई, अशी अफवा उठली. घरी जाताना तिला गाडीतून ओढले, चर्चमध्ये नेले आणि ठार केले. देहही धड ठेवला नाही. हे सॉक्रेटिस नावाच्या त्याच काळातल्या ख्रिस्ती इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, आणि ही गोष्ट चर्चला काळिमा लावणारी होती असे तोच म्हणतो. तिच्या नावाचे एकही पुस्तक आज हातात येत नाही.

आम्हाला तिथे तिच्या नावाची पाटी दिसली नाही. लेकीने माझ्यासाठी कार्नेशनची तीन फुले घेतली होती. ती धरून मी रहदारीत उभी होते. नातीने विचारले, "आजी, त्या बाई वर्गात काय शिकवायच्या?" शंकूच्या छेदांवर तिने टीका लिहिली होती, एवढे मला माहीत होते. पण ट्रामच्या घंटांच्या गलक्यात शंकू कसा समजावणार?

वाटेत नबी दानियाल रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या लागल्या, पुढे भाजीवाला. मी गाजरे घेतली. मुक्कामी आल्यावर सुरी घेतली आणि एक गाजर आडवे कापले, गोल वर्तुळ निघाले. दुसरे किंचित तिरके कापले, लंबवर्तुळ निघाले. तिसरे बाजूला समांतर कापताना सुरी दोनदा घसरली, पण अन्वस्ताचा आकार जमला. आकाशातले ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात, हे कळायला हायपेशियानंतर बारा शतके जावी लागली, असे सांगेपर्यंत नातीने सुरी माझ्या हातातून काढून घेतली होती. उरलेली सगळी गाजरे तिने तिरकी कापली. रात्री कोशिंबिरीत एकही चकती गोल नव्हती.