अचूक नेम आणि हिशेबाबाहेरची माणसे

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. २०२१ साली याच तारखेला अमेरिकी लष्कराने एक कबुली दिली. २९ ऑगस्ट रोजी काबूलमध्ये वैमानिकरहित विमानातून डागलेल्या क्षेपणास्त्राने जे दहाजण मारले गेले, ते सारे निरपराध नागरिक होते. त्यांत सात मुले होती. क्षेपणास्त्राचा नेम चुकला नव्हता. ज्या मोटारीवर तो धरला होता, तिच्यावरच ते पडले. चूक झाली ती मोटारीत कोण आहे हे ठरविण्यात. १९९९ साली बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर पडलेले बॉम्बही दिलेल्या जागीच पडले होते. जागा तेवढी चुकीची दिली गेली होती.

शस्त्र अचूक झाले म्हणजे युद्धही अचूक झाले, हा समज शस्त्रे विकणाऱ्यांना सोयीचा आहे. बॉम्बची किंमत अंदाजपत्रकात पैशापैशाने मांडली जाते. मेलेल्या नागरिकाला मात्र कोणत्याच खात्यात रकाना नसतो. आणि हा हिशेब केवळ नेमाचाही नव्हे. तोफा थांबल्यानंतरही माणसे मरतात, हे उदगीरच्या परिसराला परक्या देशाकडून शिकण्याचे कारण नाही.

हैदराबाद संस्थानातील लष्करी कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि पाच दिवसांत आटोपली. रझाकारांच्या अत्याचारांनी गांजलेल्या प्रजेची त्यामुळे सुटका झाली, यात शंका नाही. सरकारने तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटले. परंतु भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर मिळून, हात राखून केलेल्या अंदाजानुसारही, २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकल्याचे नमूद केले. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच किमान १८ हजार बळी गेले, असे समितीचे मत पडले. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. समितीने काही ठिकाणी सैनिकांनाही दोष दिला, तसेच मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद घेतली. हा अहवाल कित्येक दशके जनतेपुढे आला नाही.

काबूलची कबुली एकोणीस दिवसांत आली, तीही वृत्तपत्रांनी पिच्छा पुरविल्यावर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोणासही शिक्षा न करण्याचे ठरले, तेव्हा अमेरिकेचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. तरीही मेलेल्यांची संख्या आणि त्यांची निरपराधिता यांवर शासनाची मोहोर उमटली. मराठवाड्यात दरवर्षी ध्वजवंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते, आणि ते झालेच पाहिजे. परंतु रझाकारांनी मारलेले आणि त्यांच्यानंतर मारले गेलेले, अशा दोहोंची गाववार यादी शासनाने अजून करावयास हवी. महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि तहसील कचेऱ्या यांनी मनावर घेतले तर हे काम अशक्य नाही. मात्र १९४८ साली दहा वर्षांचे असलेले साक्षीदार आज नव्वदीकडे झुकले आहेत.