बसल्या जागचे नृत्य
बैठकीच्या लावणीत कलावतीला रंगमंचभर फिरावे लागत नाही. बसल्या जागी, स्वतः गात, डोळे, मान, मनगट आणि पदर यांच्यावरच ती सारा भाव उभा करते. याला अदाकारी म्हणतात. फडाच्या खड्या लावणीत ढोलकीचा ठेका आणि पायांतील चाळ प्रेक्षकाला खेचून घेतात. बैठकीत मात्र तबला-पेटीची साथ असते, लय संथ असते आणि ठुमरीसारखी एकच ओळ पुन्हापुन्हा आळवली जाते. ओळ वाट पाहण्याची असेल तर पहिल्या वेळी नजर दाराकडे जाते, दुसऱ्या वेळी बोटे पदराची कड चुरगाळतात, तिसऱ्या वेळी मान किंचित वळते आणि रुसवा कळतो. शब्द तेच राहतात, अर्थ पालटत जातो. हालचाल जितकी लहान, तितके पाहणाऱ्याचे लक्ष तिच्यावर एकवटते. समेच्या आधी हात क्षणभर थांबला, की सारी बैठक त्याच्याबरोबर थांबते. मोहिनी पडते ती इथे. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांनी ही अदाकारी आयुष्यभर जपली; 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज मोठ्या मंचावर, झगमगाटात लावणी खूप दिसते, पण मागच्या रांगेतून भुवईची हालचाल दिसत नाही. ही कला जगायची असेल, तर लहान बैठका पुन्हा भरल्या पाहिजेत आणि रसिकांनी पुढे बसून त्या पाहिल्या पाहिजेत.