पदाच्या आधी, पदाच्या नंतर

८ मार्चच्या भित्तिपत्रकासाठी 'पहिल्या स्त्रिया' गोळा करताना डायना अपकार हे नाव पुढे आलं. आर्मेनियन बाई, 'जगातली पहिली स्त्री-राजदूत'. मला या 'पहिली'चा जरा कंटाळाच आहे. तिच्याआधी, १९१८ साली, हंगेरीने रोझिका श्विमरला स्वित्झर्लंडला पाठवलं होतं. डायना जपानमध्ये आर्मेनियाची मानद वाणिज्यदूत झाली १९२० साली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते प्रजासत्ताकच संपलं. म्हणजे पद काही महिन्यांचं. काम मात्र कितीतरी आधीचं.

तिचा जन्म १८५९चा, रंगूनचा. वाढली कोलकात्यात, हिंदुस्तानीही बोलायची. लग्नानंतर सासरच्या व्यापारापायी जपानला गेली. १९०६ मध्ये नवरा वारला. पदरी तीन मुलं, मुलूख परका. तिने धंदा हातात घेतला, कोबेहून योकोहामाला बिऱ्हाड हलवलं आणि चालवून दाखवला. १९०९च्या अदानामधल्या आर्मेनियनांच्या कत्तलीनंतर तिने पुस्तकं, लेख, पत्रं यांचा सपाटाच लावला. साम्राज्यं दुबळ्यांना भरडत असताना शांततेच्या गप्पा पोकळ आहेत, असं ती १९१२ मध्येच लिहीत होती.

१९१५चा वंशसंहार झाला, पुढे १९१७ची रशियन क्रांती. शेकडो आर्मेनियन निर्वासित सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकमार्गे जपानला पोचू लागले. जायचं अमेरिकेला, हातात धड कागद नाहीत. डायनाने स्वतः हमी घेऊन त्यांना उतरवून घेतलं, राहायची सोय केली, पोरांना शाळेत घातलं, व्हिसासाठी आणि बोटीच्या तिकिटांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले.

हे उंबरे माझ्या ओळखीचे आहेत. टाकलेल्या बाईचं वेगळं रेशनकार्ड काढायला गेलं की 'नवऱ्याची सही आणा' म्हणतात. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी केसवर्क शिकले. पण कुणासाठी हमी राहायचं तर पाठीशी स्वतःचे चार पैसे लागतात, हे कुणी शिकवलं नाही.

आणि आपणही धंदा करणाऱ्या बाईकडे तिरकंच बघतो. मागे एका कार्यकर्तीने मसाल्याचा कारखाना काढला, तर बैठकीत कुणीतरी बोललंच, 'आता ती आपल्यातली राहिली नाही.' मी गप्प बसले. त्याची आता लाज वाटते. डायनाचा व्यापार वजा केला तर तिच्या हमीला परक्या देशात किती वजन राहिलं असतं? तिचं लिखाण मी शांततेचं काम मानते, मग तिच्या हिशेबाच्या वह्या का नाही?

पद गेल्यावरही तिने निर्वासितांना मदत करणं सोडलं नाही. १९३७ मध्ये योकोहामातच वारली.

भित्तिपत्रकावर 'पहिली' लिहायचं की नाही, यावर अजून वाद चालू आहे. मसालेवालीला मात्र मी पुढच्या बैठकीला बोलावलंय. येताना जमाखर्चाची वही आण, म्हटलंय.